पुरानंतरची ‘घर वाळवणी’ सेवा : काम चोख, पण भिंत वाळली हे ठरवायचे कोणी?

गाळ काढणे, घर धुणे, भिंती वाळवणे, बुरशीवर औषध मारणे आणि खराब झालेला गिलावा बदलणे ही सारी कामे एकाच कोटेशनमध्ये करून देणाऱ्या खासगी सेवा आता कोल्हापुरात मिळू लागल्या आहेत. त्यांपैकी एका सेवेचा जुलै २०२४ च्या पुरानंतर घेतलेला अनुभव येथे मांडत आहे. त्या महिन्यात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली आणि शुक्रवार पेठेच्या नदीकडच्या बाजूला असलेल्या माझ्या मावशींच्या घरात गुडघाभर पाणी आले. सेवेचे नाव मी मुद्दाम देत नाही. तिच्यात जे चांगले आढळले ते त्या माणसांचे आहे, आणि जे खटकले ते बहुतांशी या व्यवसायाला कोणतीच शासकीय चौकट नसल्याचा परिणाम आहे, असे माझे मत झाले आहे.

घर जुने आहे. दगडी जोते, त्यावर पांढऱ्या मातीत रचलेल्या विटांच्या भिंती, सोप्याला आणि माजघराला मूळचा चुन्याचा गिलावा, तर स्वयंपाकघराला गेल्या पंधरा-वीस वर्षांत केलेला सिमेंटचा गिलावा आणि वर ऑइलपेंट. ही माहिती पुढच्या हिशेबासाठी महत्त्वाची आहे, कारण चुन्याची भिंत ओल बाहेर टाकते, तर सिमेंट आणि ऑइलपेंटच्या मागे अडकलेली ओल महिनोन्‌महिने तशीच राहते आणि दिवाळीनंतर पोपडे व लोणा (भिंतीवर फुटणारे क्षार) होऊन बाहेर येते. २०१९ च्या महापुरात पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते. त्या वेळी या घरात छातीएवढे पाणी होते आणि सफाई तालमीच्या मुलांनी, नातेवाइकांनी व घरच्यांनी मिळून केली होती. तेव्हा घाईने रंग दिलेल्या भिंती पुढच्याच वर्षी खरवडाव्या लागल्या. म्हणूनच या वेळी पैसे मोजून जाणत्या माणसांकडून काम करून घ्यावे, असे मावशींच्या मुलाने ठरवले.

कोटेशन एक लाख दहा हजार रुपयांचे होते, जीएसटी धरून. निम्मी रक्कम ॲडव्हान्स, उरलेली काम पूर्ण झाल्यावर. सुपरवायझरने प्रत्येक खोलीत फिरून पाण्याची रेघ मोजली, फोटो काढले आणि कोणता गिलावा ठेवायचा व कोणता पाडायचा हे खडूने भिंतीवर लिहिले. एवढी शिस्त मी या शहरात घरकामाच्या कोणत्याही ठेकेदाराकडे पाहिलेली नाही. कोटेशनमध्ये एकच गोष्ट राहून गेली होती. ओल शोषणारी यंत्रे आमच्याच मीटरवर रात्रंदिवस चालणार होती आणि त्याचे वीजबिल अर्थातच आमच्या माथी येणार होते. पुढच्या महिन्याचे महावितरणचे बिल पाहिल्यावर मावशींनी जे उद्गार काढले ते येथे लिहिण्याजोगे नाहीत.

पहिल्या टप्प्याचे काम उत्तम झाले. गाळ ओला असतानाच काढला तर निघतो, एकदा सुकून फरशीच्या सांध्यांत बसला की तासून काढावा लागतो, याची त्या मुलांना जाण होती. फावड्याने मोठा गाळ, मग वायपर, मग प्रेशर वॉशर, आणि शहाबादी फरशीवर मात्र दाब कमी करून पाणी, हा क्रम त्यांनी कुठेही चुकवला नाही. प्लायवूडची फुगलेली कपाटे वाचवण्याचा खोटा दिलासा त्यांनी दिला नाही. सागवानी दरवाजे मात्र बिजागऱ्यांसकट उतरवून, सावलीत आडवे ठेवून, खाली सारखे ठोकळे देऊन वाळवले. एक हेल्पर ब्लीचिंग पावडर कालवलेल्या बादलीत संडास धुण्याचे ॲसिड ओतायला निघाला होता. मुकादमाने ती बादली त्याच्या हातातून अक्षरशः हिसकावून घेतली, कारण या दोन्हींच्या मिश्रणातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. मुकादमाला हे ठाऊक होते, हेल्परला नव्हते. शिकवण्याची कोणतीच सक्ती नसली की ज्ञान असे एकाच माणसाच्या डोक्यात राहते आणि तो माणूस त्या दिवशी रजेवर असला तर काय, हा प्रश्न मला तेव्हापासून पडला आहे.

कामगारांच्या बाबतीत नाराजी स्पष्ट नोंदवली पाहिजे. सेवेच्या माहितीपत्रकावर पांढरा पोशाख, मास्क आणि गॉगल घातलेल्या माणसाचे छायाचित्र आहे. प्रत्यक्षात गमबूट तिघांना होते, बाकीचे प्लॅस्टिकच्या चपलांत गाळ उपसत होते आणि हातमोजे पहिल्या दिवशी दुपारनंतर कोणाच्याच हातात दिसले नाहीत. पुराच्या गाळात गटारीचे पाणी, उंदीर-घुशींचे मूत्र, फुटक्या काचा, गंजके खिळे असे सगळेच असते. लेप्टोस्पायरोसिस आणि धनुर्वात हे धोके या कामात रोजचे आहेत. कोणी धनुर्वाताचे इंजेक्शन घेतले आहे का, असे विचारले तेव्हा त्यांच्यातल्या वयाने मोठ्या माणसाने हसून सांगितले, “काका, रोजगार बुडवून कोण जातंय दवाखान्यात?” ग्राहक म्हणून आपण मशीन किती आणली हे मोजतो, बूट किती आणले हे मोजत नाही. मात्र हे काम करणाऱ्या संस्थेने ते मोजलेच पाहिजे, आणि तिने मोजावे असे सांगणारे कोणी तरी वर असले पाहिजे.

दुसरा टप्पा वाळवण्याचा. श्रावणातल्या कोल्हापुरात हवाच इतकी दमट असते की खिडक्या उघड्या टाकून आणि पंखे लावून भिंत वाळेल ही समजूत फसवी आहे. पंखा हवा फिरवतो, तिच्यातले पाणी कमी करत नाही. या सेवेने सोप्यात आणि माजघरात प्रत्येकी एक औद्योगिक डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल शोषणारे यंत्र, ठेवला, दारे-खिडक्या बंद केल्या, भिंतीच्या बुडाशी वारा जाईल असे जमिनीवरचे ब्लोअर लावले आणि यंत्राच्या टाकीत जमलेले पाणी रोज मोजून वहीत लिहिले. पहिल्या रात्रीत भरलेली टाकी पाहून मावशी थक्क झाल्या. एवढे पाणी आपल्या भिंतीत होते, हे त्यांना पटेना. दिवसागणिक पाणी कमी होत गेले. तंत्र म्हणून हे सारे योग्य होते आणि घरगुती उपायांनी ते साधले नसते, हे मी निःसंकोचपणे म्हणेन.

खरी अडचण येथून पुढे आहे. भिंत वाळली की नाही हे पाहण्यासाठी सुपरवायझर दोन सुयांचे ओलमापक यंत्र वापरत असे. असे यंत्र दोन सुयांमधला विद्युत रोध मोजते. त्याचे आकडे मुळात लाकडासाठी बसवलेले असतात, त्यामुळे विटांच्या भिंतीवर ते आकडे केवळ तुलनेसाठी वापरायचे असतात. भिंतीत क्षार साठले असतील तर वाचन फुगते, आणि सुई वरवरच्या पापुद्र्यातच राहिली तर ते भलतेच कमी दाखवते. म्हणून शहाण्या पद्धतीत पाणी न लागलेल्या जागेचे, म्हणजे आमच्या बाबतीत माडीवरच्या भिंतीचे, वाचन आधी घेऊन ठेवतात आणि खालची भिंत त्याच्या जवळ आली की वाळली असे मानतात. या माणसाने माडीवर पाऊलही ठेवले नाही. सोप्याच्या भिंतीवर सुया टेकवून तो मावशींना म्हणाला, “काकू, वाळलीय बघा भिंत, हात लावून बघा की.” त्याच संध्याकाळी ‘घर पूर्णपणे कोरडे असल्याचे प्रमाणपत्र’ आणि अंतिम बिल हे दोन्ही कागद एकत्रच हातात आले. प्रमाणपत्रावर त्याच संस्थेचा शिक्का, त्याच माणसाची सही, आणि वाचनांच्या रकान्यात सगळ्या खोल्यांसमोर जवळपास सारखेच आकडे.

परिचयातल्या एका निवृत्त स्थापत्य अभियंत्यांना मी त्यांचे यंत्र घेऊन येण्याची विनंती केली. सोपा आणि माजघर ठीक निघाले. स्वयंपाकघराच्या ओट्यामागची भिंत आणि जिन्याखालचा कोपरा मात्र माडीच्या भिंतीच्या तुलनेत खूपच ओला होता. ओट्यामागे तोच सिमेंटचा गिलावा आणि ऑइलपेंट. सुपरवायझरला हे दाखवल्यावर त्याने वाद घातला नाही, हे त्याच्या बाजूने नोंदवतो. तो रंग खरवडून काढला, फूटभर उंचीपर्यंतचा गिलावा पाडला आणि यंत्र पुन्हा आणून ठेवले, त्याचे भाडेही लावले नाही. पण अभियंता ओळखीचे नसते तर? शेजारच्या दोन घरांनी याच सेवेकडून काम करून घेतले आणि प्रमाणपत्र देवघराशेजारच्या कपाटात नीट जपून ठेवले आहे. त्यांच्या भिंती कोणी तपासल्या?

प्रमाणपत्र देण्याचा अधिकार तुम्हाला कोणत्या परवान्याखाली मिळाला, असे मी विचारले तेव्हा मला तीन कागद दाखवण्यात आले : शॉप ॲक्टचा कागद, उद्यम नोंदणी आणि जीएसटी क्रमांक. तिन्ही खरे होते, आणि तिघांचाही या कामाच्या लायकीशी काही संबंध नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार ठरावीक संख्येपेक्षा कमी कामगार असतील तर नोंदणीचीही गरज नाही, व्यवसाय सुरू केल्याची सूचना दिली की पुरते. उद्यम नोंदणी स्वयंघोषणेवर होते. जीएसटीचा क्रमांक कर भरण्यासाठी असतो. काचेच्या फ्रेमीत लावल्यावर हे कागद परवान्यासारखे दिसतात, एवढेच.

याच्या नेमके उलट चित्र त्याच घरात त्याच आठवड्यात दिसले. वीज पुन्हा जोडण्यासाठी जो वायरमन आला त्याच्याकडे राज्य शासनाचा परवाना होता. त्याने मेगर (वायरच्या आवरणातून वीज गळते का हे मोजणारे यंत्र) लावून वायरिंग तपासले, स्वयंपाकघराच्या सर्किटचे वाचन पसंत पडले नाही म्हणून ते जोडायला साफ नकार दिला आणि मावशींनी कितीही गळ घातली तरी बधला नाही. “माझं लायसन जाईल काकू,” एवढेच तो म्हणाला. वाळवीचे औषध मारायला येणाऱ्या पेस्ट कंट्रोलवाल्याला १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली परवाना लागतो. विम्याच्या नुकसानीचा अंदाज करणारा सर्वेक्षक विमा नियामकाकडून परवाना घेतलेला असतो आणि ज्या दाव्यात त्याचा हितसंबंध असेल तो उघड करणे त्याच्यावर बंधनकारक असते. म्हणजे पुरात बुडालेल्या एकाच घरात वायर, वाळवी आणि विमा या तिन्हींसाठी राज्याने किंवा केंद्राने माणसे पारखून ठेवली आहेत. लाखभर रुपये घेऊन भिंती, हवा आणि बुरशी यांचा निवाडा करणारा माणूस मात्र कोणीही असू शकतो.

इतरत्र हे कसे चालते ते पाहणे येथे उपयोगी आहे. अमेरिकेत पूरग्रस्त घर वाळवण्याच्या कामाला देशभर लागू असा एकच परवाना नाही. तेथे आयआयसीआरसी नावाच्या खासगी संस्थेचे प्रशिक्षण आणि तिची एस-५०० ही पाण्याच्या नुकसानीसंबंधीची मानके बाजारात मान्यता पावलेली आहेत. त्या मानकांनुसार नदीच्या पुराचे पाणी सर्वांत दूषित अशा तिसऱ्या वर्गात मोडते. बुरशीच्या कामाला मात्र काही राज्यांनी परवाना सक्तीचा केला आहे. टेक्सासमध्ये हा परवाना देण्याचे काम २०१७ पासून राज्याच्या परवाना व नियमन विभागाकडे आहे, त्याआधी ते आरोग्य खात्याकडे होते. न्यू यॉर्क राज्याचा कायदा १ जानेवारी २०१६ पासून लागू झाला आणि त्यात तपासणीस, ठेकेदार आणि प्रत्यक्ष काम करणारा मजूर अशा तिघांनाही प्रशिक्षण घेऊन वेगवेगळा परवाना काढावा लागतो. दोन्ही राज्यांतला कळीचा नियम एकच आहे : एका कामात जो बुरशीची तपासणी करतो, त्याला ती बुरशी काढण्याचे काम करता येत नाही. आधी तपासणीस लेखी आराखडा देतो, त्याप्रमाणे ठेकेदार काम करतो, आणि घर ठीक झाले हे सांगायला पुन्हा तपासणीसच येतो. टेक्सासमध्ये काम संपल्यावर मालकाला जे प्रमाणपत्र मिळते ते मागच्या पाच वर्षांतले असेल तर घर विकताना खरेदीदाराला त्याची प्रत द्यावी लागते, म्हणून त्या कागदाला वजन आहे.

आमच्या हाती आलेल्या प्रमाणपत्राचे दुखणे नेमके हेच होते. विद्यार्थ्याने स्वतःच पेपर सोडवावा, स्वतःच तपासावा आणि गुणपत्रिकेसोबत फीची पावतीही द्यावी, असा तो प्रकार. सुपरवायझर अप्रामाणिक होता असे मला वाटत नाही. पण यंत्रे दुसऱ्या दिवशी पुढच्या घरी न्यायची आहेत, दारात टेंपो उभा आहे आणि फोनवर आणखी तीन ग्राहक थांबले आहेत, अशा वेळी कोणाच्याही हातातली सुई वरच्या पापुद्र्यातच थांबेल.

परवान्याची मागणी केली की लगेच मनात येणारी शंका मलाही आहे. आणखी एक खिडकी, आणखी एक एजंट, नूतनीकरणाची आणखी एक फी, आणि शेवटी गवंड्याच्या मुलाचा रोजगार जाऊन सगळे काम पुण्या-मुंबईच्या दोन-चार कंपन्यांच्या हातात. ही भीती निराधार नाही. महापुरात हजारो घरे एकाच आठवड्यात रिकामी करायची असतात आणि ती वेळ तालमीच्या पोरांनी, शेजाऱ्यांनी, परगावाहून आलेल्या सफाई कामगारांनी निभावून नेलेली आहे. फावडे उचलणाऱ्याला परवाना विचारणे हा शुद्ध वेडेपणा ठरेल. टेक्सासच्या कायद्यातही सलग २५ चौरस फुटांपेक्षा कमी बुरशीच्या कामाला परवान्याची अट नाही. तशी मर्यादा आपल्याकडेही घालता येईल. गाळ काढणे, धुणे, सामान हलवणे यांना पूर्ण मोकळीक असावी. पैसे घेऊन यंत्राने घर वाळवणाऱ्या आणि बुरशीवर रसायन मारणाऱ्या संस्थेला नोंदणी, कामगारांचे किमान प्रशिक्षण आणि बूट-हातमोजे-लसीकरण यांची अट असावी. आणि घर कोरडे झाल्याचे प्रमाणपत्र देणारा तिसराच, परवानाधारक माणूस असावा. या शेवटच्या माणसासाठी नवे खाते उघडण्याचीही गरज नाही. गावोगावी पदविकाधारक स्थापत्य अभियंते आहेत, त्यांनाच अल्प प्रशिक्षण देऊन विमा सर्वेक्षकांप्रमाणे यादीवर घेता येईल.

विम्याचा उल्लेख आला म्हणून एक व्यवहारी गोष्ट. १ एप्रिल २०२१ पासून सुरू झालेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित घरविम्यात पुराचे नुकसान समाविष्ट आहे, आणि मलबा हटवण्याचा खर्च दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत, तर वास्तुविशारद, सर्वेक्षक व सल्लागार अभियंत्यांची फी ५ टक्क्यांपर्यंत मिळण्याची तरतूद आहे. म्हणजे स्वतंत्र अभियंता बोलावला तर त्याच्या फीचा काही भाग विम्यातून निघण्याला वाव आहे. मावशींच्या घराचा विमा नव्हता. आमच्या बाजूच्या पेठांत तो फारच थोड्यांचा असतो, आणि पंचनाम्यानंतर मिळणाऱ्या सरकारी मदतीतून अशा सेवेचे बिल भागणे शक्य नाही.

काम होऊन एक उन्हाळा गेल्यावरची स्थिती अशी : सोपा व माजघर निर्दोष आहेत, चुन्याच्या भिंतींना चुनाच दिल्यामुळे पोपडा एकही नाही. ओट्यामागची दुसऱ्यांदा वाळवलेली भिंत चांगली आहे. जिन्याखालच्या कोपऱ्यात वीतभर लोणा आला आहे, तो जमिनीतून चढणाऱ्या ओलीचा असावा, त्याचा दोष मी या सेवेला देणार नाही. सागवानी दरवाजे सरळ आहेत आणि कड्या पूर्वीसारख्या लागतात.

पुन्हा वेळ आली तर मी याच सेवेला बोलावीन, मात्र वर्क ऑर्डरवर सही करण्यापूर्वी काही गोष्टी लिहून घेईन : पाणी न लागलेल्या भिंतीचे वाचन पहिल्याच दिवशी घेऊन कागदावर नोंदवावे, सिमेंटच्या गिलाव्यावरचा ऑइलपेंट वाळवण्याआधी खरवडावा, प्रत्येक कामगाराला गमबूट व हातमोजे असावेत, यंत्रांच्या विजेचा अंदाज कोटेशनमध्ये वेगळा दाखवावा, आणि बिलाचा शेवटचा पाचवा हिस्सा ग्राहकाने निवडलेल्या अभियंत्याने भिंती तपासल्यावरच द्यावा. या अटी मी संस्थेच्या मालकांना कळवल्या. बुटांची आणि विजेची अट त्यांनी तत्काळ मान्य केली. अभियंत्याची अटही मान्य आहे, पण त्याची फी ग्राहकाने भरावी आणि तपासणी काम संपल्यापासून दोन दिवसांत व्हावी, कारण पुराच्या दिवसांत यंत्र एका घरात त्याहून जास्त अडकून ठेवणे त्यांना परवडत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे.